दरवाजाचा टब : एक रसग्रहण

मराठीत कवितेवर टीका झाली, नाटकावर झाली, टीकेवरही भरपूर टीका झाली. पण ‘कोटेशन’ नावाच्या वाङ्मयप्रकाराकडे अजून एकाही समीक्षकाने ढुंकून पाहिलेले नाही. वास्तविक मध्यमवर्गीय माणूस जितक्या एकाग्रतेने कोटेशन वाचतो तितक्या एकाग्रतेने तो कादंबरी कधीच वाचत नाही. कोटेशनला आरंभ असतो, मध्य असतो आणि शेवट तर असा असतो की वाचक पाणी मागतो. त्यात भयरस असतो, करुणरस असतो आणि दुकानदार मुरलेला असेल तर अद्भुतरसही असतो. ‘वरील दर पंधरा दिवसांपुरतेच’ या एका ओळीत जगाच्या क्षणभंगुरतेबद्दल जे सांगून टाकले आहे, ते सांगायला संतांना पुष्कळ अभंग खर्ची घालावे लागले.

असेच एक कोटेशन सध्या माझ्यापुढे आहे. विषय : राहत्या घरी दरवाजाचा टब बसवणे. पाने दोन, कलमे दहा, एकूण रुपये ४,७१,०००. जीएसटी निराळा. एवढ्या मोलाचे लिखाण फुकट वाचायला मिळाल्यावर त्याचे चार शब्दांत परीक्षण करणे हे मी माझे कर्तव्य समजतो.

ज्यांनी हा पदार्थ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे कथानक सांगतो. नेहमीच्या बाथटबात कड ओलांडून उतरावे लागते. या टबाच्या अंगाला एक दार असते. दार उघडायचे, चार बोटे उंबरा ओलांडायचा, आत खुर्चीसारखी बैठक असते तिच्यावर टेकायचे, दार घट्ट लावून घ्यायचे आणि मग नळ सोडायचा. पाणी छातीशी येईपर्यंत बसून राहायचे. आंघोळ झाली की बूच काढायचे आणि पाणी पुरते निघून जाईपर्यंत पुन्हा बसून राहायचे. कारण उघड आहे. आत पाणी असताना दार उघडले तर आपल्याबरोबर टबही घरभर फिरायला निघेल. म्हणजे मधल्या वेळात बेल वाजो, कुकरची पाचवी शिट्टी होवो, कुरिअरवाला दाराशी ओटीपी मागत उभा राहो, नायकाने जागचे हलायचे नाही. एवढी स्थितप्रज्ञता गीतेत वाचली होती. ती नळाला जोडून मिळते हे ठाऊक नव्हते.

आईला मी हे सगळे समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “म्हणजे एसटीच्या स्टँडवर बसल्यासारखं बसायचं. तेही बिनकपड्याचं.”

आता या टबाचा आणि आमचा संबंध कसा आला ते सांगायला हवे. आई चौऱ्याऐंशी वर्षांची. फेब्रुवारीत एका सकाळी मोरीत तिचा पाय सरकला. हाड शाबूत राहिले, पण कमरेवर चांगला पोळीएवढा काळानिळा डाग उठला. न्यू जर्सीतल्या भाच्याला हे कळले आणि त्याच रात्री त्याने व्हॉट्सॲपवर टबाचे माहितीपत्रक धाडले. मागोमाग फोन. “मामा, आजीच्या सेफ्टीचा प्रश्न आहे. कॉस्ट बघू नकोस.” ‘कॉस्ट बघू नकोस’ हे वाक्य डॉलरमध्ये फार भारदस्त वाटते. रुपयांत त्याचा उच्चार करताना घसा कोरडा पडतो.

माहितीपत्रकाची नायिका पांढऱ्या केसांची एक गोरी आजी आहे. ती टबात बसून हसते आहे. पान उलटले तरी हसते आहे. गळ्यापर्यंत पाणी, पण केस कोरडे, कपाळ कोरडे, लिपस्टिक जागच्या जागी. आमच्याकडे आंघोळ करून आलेले माणूस इतके कोरडे दिसले तर त्याला परत पाठवतात. मजकुरात ‘डिग्निटी’ आणि ‘इंडिपेंडन्स’ हे दोन शब्द आमच्या कीर्तनातल्या विठ्ठलनामासारखे दर दोन ओळींनी येतात. मी ते वाचताना जरा हसलो होतो, हे नोंदवून ठेवतो. त्या शब्दांशी पुढे पुन्हा गाठ पडणार आहे.

समीक्षकाने न्यायाने बोलावे. ज्या मुलखात हा टब जन्माला आला तिथे तो अगदी शहाणपणाचा आहे. तिथल्या घरांत बाथटब आधीपासून असतो आणि त्याची कड गुडघ्याच्या आसपास येते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने ओल्या फरशीवर एका पायावर उभे राहून दुसरा पाय तेवढा उचलायचा म्हणजे सर्कसच. तेव्हा कोणा भल्या माणसाने त्या कडेलाच दार बसवले. सांधे धरलेल्या माणसाला छातीपर्यंतच्या कोमट पाण्यात अर्धा तास बसायला मिळाले तर बरे वाटते, हेही खोटे नाही. तिकडे टब आणि बसवणावळ धरून पाच हजारांपासून पंधरा-वीस हजार डॉलरपर्यंत जातात, आणि म्हाताऱ्यांचा जो सरकारी मेडिकेअर विमा आहे त्यात हा टब सहसा बसत नाही. तिथे तो विम्यात बसत नाही, इथे मोरीत.

पण मुद्दा असा की टबाने निर्माण केलेला प्रश्न टबानेच सोडवला. आमचा प्रश्न टबाने निर्माण केलेला नव्हताच. महाराष्ट्रीय माणूस पाण्यात बसत नाही; तो पाण्याशेजारी बसतो. पूर्वी घंगाळ असे, बंब असे, बसायला पाट असे. घंगाळात पाणी राहायचे आणि माणूस बाहेर. तांब्या तेवढा दोघांमध्ये ये-जा करायचा. घंगाळ गेले, प्लॅस्टिकची बादली आली, बंब जाऊन गीझर आला, पण ही मूळची रचना बदललेली नाही. आमच्या आईची कड ओलांडण्याबद्दल तक्रारच नाही. तिची तक्रार दोन ठिकाणी आहे : एक, गुळगुळीत फरशी, दोन, वीतभर उंचीच्या स्टुलावरून उठणे. बसताना गुरुत्वाकर्षण मदत करते. उठताना ते ओळख दाखवत नाही.

कोणी म्हणेल, पायऱ्या उतरून पाण्यात जाणे आपल्या मातीत नव्हते काय? होते. मोहेंजोदडोचे मोठे स्नानगृह पाहा. साडेचार हजार वर्षांच्या आसपासचे, लांबी सुमारे बारा मीटर, रुंदी सात, खोली सुमारे अडीच, आणि उतरायला उत्तर-दक्षिण दोन्ही बाजूंना पायऱ्या. जगातला पहिला चालत जायचा टब तोच म्हणायला हरकत नाही. पाणी झिरपू नये म्हणून विटांच्या मागे त्यांनी डांबराचा थर दिला होता. पण त्या लोकांची एक सोय होती, ती आम्हाला नाही. त्यांच्या खालच्या मजल्यावर कोणी राहत नव्हते.

आमच्या खालच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. सज्जन आहेत. टबाची बातमी त्यांना जिन्यात कळली तेव्हा ते म्हणाले, “बसवा हो, अवश्य बसवा. आमचं काही म्हणणं नाही. फक्त एकदा वर येण्याआधी आमच्या बेडरूमच्या छताला विचारून घ्या.”

आता कलमे. पहिले कलम टब, रुपये २,४५,०००. हा नायक. त्याच्यावर फार बोलण्यात अर्थ नाही, तो जसा आहे तसा आहे. खरी कलाकृती पुढे सुरू होते. जुन्या टाइल्स आणि कोबा फोडून डेब्री उचलणे. वॉटरप्रूफिंग. न घसरणाऱ्या नव्या टाइल्स. प्लंबिंग. नवा गीझर. पुढे एक कलम आहे, ‘बाथरूमच्या दाराची चौकट काढणे व पुन्हा बसवणे’, आणि त्याचे कारण मला उशिरा उमगले : टब दारातून आत जात नाही. दार असलेल्या टबाला आत घेण्यासाठी दार मोडायचे, यात एक उपरोध आहे, पण लेखकाला तो अभिप्रेत नसावा. त्यानंतर ‘माल चढवणी, तीन मजले, लिफ्ट नाही’. त्यानंतर ‘स्ट्रक्चरल इंजिनिअरचे सर्टिफिकेट’. आणि सगळ्यात शेवटी, वीस हजार रुपये, ‘किरकोळ व इतर’. जगात वीस हजाराला किरकोळ म्हणणारा माणूस एक तर संत तरी असतो किंवा कंत्राटदार तरी. थोडक्यात, कोटेशनचे नाव ‘टब’ असले तरी निम्मे पैसे टबाचे नाहीतच. ते टबासाठी घराने आपली जागा, आपले वजन पेलण्याचे सामर्थ्य आणि आपली शांतता सोडण्याचे आहेत.

वजनाचेच घ्या. बेताच्या टबात माणूस बसल्यावर दोनशे लिटर तरी पाणी लागते. दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो. टबाचे साठ-सत्तर, आईचे पन्नास. तीनशे किलोच्या वर ओझे जेमतेम एका चौरस मीटरवर. राहत्या घराच्या आणि न्हाणीघराच्या स्लॅबसाठी आपल्याकडे हिशेब धरतात तो चौरस मीटरला सुमारे दोनशे किलोचा. म्हणून लगेच स्लॅब खाली येतो असे नव्हे. ओझे आजूबाजूला वाटले जाते. पण खाडीच्या खाऱ्या हवेत चाळीस वर्षे उभ्या असलेल्या इमारतीच्या सळयांना ‘घ्या वाटून’ म्हणून सांगण्याआधी त्यांची तब्येत विचारावी लागते. सर्टिफिकेटचे कलम म्हणून आले. एरवी मला तेच कलम फुकटचे वाटले होते. दहांतले सर्वांत प्रामाणिक तेच निघाले.

मग पाणी. आपल्या शहरांत माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावे असे मान आहे. त्यात पिणे, स्वयंपाक, धुणे, भांडी, संडास, आंघोळ सगळे आले. म्हणजे टबात एकदा बसलेल्या माणसाने दीड दिवसाचे पाणी संपवले. नवी मुंबई महापालिकेचे स्वतःच्या मालकीचे मोरबे धरण आहे, त्याबद्दल आम्हाला अभिमानही आहे. म्हणून ते दर सकाळी आमच्या मोरीत आणून ओतावे असे नाही. आईची आंघोळ दीड बादलीत होते. टबाच्या एका आंघोळीत ती जवळजवळ आठवडाभर न्हाईल, आणि शिवाय उरलेल्या पाण्यात पायपुसणे धुऊन घेईल.

गीझरचाही हिशेब करून पाहिला. आमचा गीझर पंचवीस लिटरचा, दोन किलोवॅटचा. दोनशे लिटर पाणी अंगाला सोसेल इतपत कोमट करायचे तर त्यातले सदुसष्टेक लिटर पाणी चांगले साठ अंशांवर तापवून गारात मिसळावे लागते. म्हणजे गीझर जवळजवळ तीनदा भरून तापवायचा. एका खेपेला अर्धा तास. तिसरी खेप टबात पडेपर्यंत पहिली थंड झालेली असणार आणि आई आत बसलेली. दुकानदाराला हे सांगितले. त्याने क्षणाचाही विलंब न लावता शंभर लिटरचा गीझर लिहिला. मागच्या प्रकरणातली अडचण पुढच्या प्रकरणात नवे पात्र आणून सोडवायची, हे तंत्र रहस्यकथाकारांचे.

इथवर वाचून वाचकाला वाटेल की हा माणूस पैसे वाचवायला निघाला आहे आणि आईचे निमित्त करतो आहे. तसे वाटणे स्वाभाविक आहे. तेव्हा मुळाशी जाऊ.

आम्ही वाशीला आलो ते १९८६ साली. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना १९६५ मध्ये मांडली, १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, १९७३ मध्ये खाडीवर पूल झाला. रेल्वे मात्र वाशीला पोचली ती १९९२ मध्ये. तोवर बसने जा-ये. तरुण माणसांनी वसवलेले गाव होते ते. जिन्यातून धावत उतरणारी माणसे, हातात डबा, डोक्यात ८.१० ची बस. आई तेव्हा पंचेचाळिशीची. तिसऱ्या मजल्यावर गॅसचे सिलिंडर चढवणाऱ्या माणसाला तीच वाटेत पाणी नेऊन द्यायची. तेव्हा आमच्यासारख्या इमारतीचा नकाशा ज्याने काढला असेल, त्याच्याही डोळ्यांपुढे असलीच माणसे असणार. त्यामुळे मोरीला वीतभर उंबरा, फरशी चकचकीत, भिंत सपाट आणि दार आत उघडणारे. आत कोणी पडले तर दार नेमके त्याच्याच अंगावर अडते आणि बाहेरच्यांना आत जाता येत नाही, हा विचार तरुणपणी कोणाच्या मनात येतो? घरे तशीच राहिली. आम्ही मात्र बेत नसताना म्हातारे झालो. आज आमच्या जिन्यात संध्याकाळी जी मंडळी दर मजल्यावर कठडा धरून थांबतात, ती दम खायला थांबतात. भेटल्यावर मात्र सगळे गप्पा मारायला थांबलो असे सांगतात.

आई पडली त्या दिवसापासून घरात एक नियम झाला : आंघोळीला जाताना कडी लावायची नाही. बायको दाराबाहेर उभी राहायची आणि दर दोन मिनिटांनी विचारायची, “आई, झालं का? आई, ठीक आहात ना?” प्रेमानेच विचारायची. पण आईच्या आंघोळी कमी होऊ लागल्या. आधी एक दिवसाआड. मग ‘आज अंगात कणकण आहे’. मग ‘आज थंडी वाजतेय’. वाशीत, एप्रिलच्या महिन्यात, पंखा पाचावर, आणि आईला थंडी. साठ वर्षे पहाटे साडेपाचला आंघोळ करून देवापुढे बसणारी बाई ती.

एका दुपारी मी तिला टबाची चित्रे पुन्हा दाखवली. म्हटले, “आई, तुला पडायची भीती वाटते ना? यात पडायचा प्रश्नच नाही.”

“मला पडायची नाही रे भीती,” ती म्हणाली. “मला ते कोणी बाहेर उभं असतं ना, त्याची लाज वाटते. अरे, तुझे वडील होते तेव्हासुद्धा मी आतून कडी लावत होते.”

माहितीपत्रकातले दोन शब्द मला तेव्हा कळले. इंग्रजीत डिग्निटी आणि इंडिपेंडन्स. मराठीत कडी.

आणि या टबावरची माझी मुख्य टीका तीच आहे. चार लाख एकाहत्तर हजारांत दहा कलमे आहेत. त्यांत कडी कुठेही नाही. टबात बसवणारे, उठवणारे, नळ सोडणारे, बूच काढणारे कोणी ना कोणी लागणारच. पाणी भरेस्तोवर आणि रिकामे होईस्तोवर कोणीतरी “आई, झालं का?” विचारत उभे राहणारच. टब आंघोळ सुरक्षित करील. एकटीची करणार नाही.

तेव्हा आम्ही काय केले, तेही सांगतो. सुतार बोलावून मोरीचे दार उलटे केले, म्हणजे बाहेर उघडेल असे. साधी कडी काढून आतून लागणारी, पण बाहेरून खाचेत नाणे घालून फिरवले की उघडणारी कडी बसवली. गवंड्याने उंबरा फोडून तिथे बारीकसा उतार दिला. भिंतीला दोन ठिकाणी स्टीलचे जाड दांडे पक्क्या विटेत ठोकले, एक बसल्यावर हाताशी येईल असा आणि एक दाराशी. रबरी बुडाचा, पाठ असलेला, गुडघ्याच्या उंचीचा स्टूल आणला. नळाला लांब नळीचा हँडशॉवर, खाली खरखरीत चटई. सगळे मिळून रुपये दहा हजार आठशे. पंचवीस लिटरचा गीझर होता तोच राहिला. खालच्या मजल्यावरच्या छताला काही विचारावे लागले नाही.

सवयीने एक भागाकार करून पाहिला. टबाच्या पैशात अशा त्रेचाळीस मोऱ्या झाल्या असत्या. आमच्या सोसायटीत घरे बत्तीस. म्हणजे बत्तीसही घरांतल्या म्हाताऱ्यांना कडी लावून आंघोळ करता आली असती आणि वर सव्वा लाख उरले असते. त्या पैशातून जिन्याच्या दुसऱ्या बाजूलाही कठडा झाला असता. मी हे सर्वसाधारण सभेत मांडले. सभेने विषयाचे स्वागत केले आणि तो पार्किंगच्या विषयानंतर घ्यायचे ठरवले. पार्किंगचा विषय चालू आहे.

ज्यांचे गुडघे, कंबर, खांदे सगळेच संपावर गेले आहेत, ज्यांच्या घरी तळमजला आहे, पाणी आहे आणि पैसा आहे, त्यांनी टब जरूर घ्यावा. माझी ना नाही. पण आधी एकदा मोरीत जाऊन, दार लावून, खालच्या स्टुलावर बसावे आणि कशालाही न धरता उठून पाहावे. कोटेशन मागवण्याआधी करायची चाचणी हीच. साठीच्या आतल्यांनीही करावी. तिला जीएसटी नाही.

आई आता रोज साडेपाचला आंघोळीला जाते. कडीचा खट्ट आवाज होतो. मग तांब्याचा आवाज येत राहतो; तो जरा जास्त वेळ थांबला तर मी पेपर खाली ठेवतो, आणि पुन्हा सुरू झाला की उचलतो. नाणे फ्रिजवर ठेवलेले आहे. त्याला हात लावायची वेळ अजून आलेली नाही.

परवा दुकानदाराचा फोन आला. पंधरा दिवस केव्हाच उलटून गेले होते. दर वाढले आहेत, पण तुमच्यासाठी जुन्या दराने करू, असे म्हणाला. मी आईकडे पाहिले. ती शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “त्याला विचार, तुझ्या त्या टबाला आतून कडी आहे का?”

मी विचारले. पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तो म्हणाला, “कडी बसवता येईल साहेब. पण ती एक्स्ट्रा.”